कोडमधल्या +, *, = अशा ऑपरेटरभोवती स्पेस नको म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

अर्धविराम: काल इथे एकाने लिहिलं, "स्पेस कंपायलरला (कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमला) दिसतच नाही, दिली काय नि नाही दिली काय." डोकंच फिरलं. बॅशमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये, क्ष = ५ असं स्पेस देऊन लिहून बघ, शेल क्ष नावाची कमांड शोधत बसतं. वेबपेजची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या कॅल्क या आकडेमोडीच्या फंक्शनमध्ये उणे चिकटवून लिहिलं की ती अख्खी ओळ गुपचूप बाद, मी एकदा अर्धा दिवस लेआउट का सरकला ते शोधत होतो. आणि सीमध्ये भागाकाराच्या / ला पॉइंटरचा (मेमरीतल्या पत्त्याचा) तारा * चिकटला की /* होऊन कॉमेंटच सुरू, पुढचं सगळं मशीन सोडून देतं. दिसत नाही म्हणे!

टॅबवाला: तो "एकाने" मीच. कोपऱ्यातली तीन उदाहरणं शोधून आणलीस, शाब्बास. पण सगळीकडे एकेक स्पेस टाकली की वाचायला सोपं होतं हे कोणी सांगितलं? अ*अ + ब*ब बघ, आधी गुणाकार होणार हे डोळ्यालाच कळतं. पेप ८, म्हणजे पायथनची स्टाइल गाइड, पण हेच सुचवतं, आणि गो भाषेतला कोड आपोआप नीट मांडणारा फॉरमॅटर गोएफएमटी तर स्वतःच असं चिकटवून देतो.

अर्धविराम: आणि कोणी अ+ब * क लिहिलं तर? डोळ्याला बेरीज आधी दिसते, मशीन करतं गुणाकार. कंस टाका ना सरळ!

रिव्ह्यूग्रस्त: तुमचं चालू द्या, पण "जरा स्पेसेस नीट केल्या" म्हणून चारशे फायलींचा कमिट (एकदम नोंदवलेले बदल) टाकणाऱ्यांचं काय करायचं? आमच्याकडे एकाने टाकला, आता कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारं गिटचं ब्लेम बघावं तर प्रत्येक ओळ त्याच्या नावावर. रात्री दोनला बग आला, त्याला उठवलं तर म्हणे मी फक्त स्पेस दिली.

टॅबवाला: गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, असे कमिट ब्लेममधून वगळता येतात. वाचत जा जरा.

रिव्ह्यूग्रस्त: वाचलंय हो! त्याची यादी फाइलमध्ये ठेवायची आणि प्रत्येकाने आपल्या मशीनवर कॉन्फिग करायचं, आमच्याकडे दोघांनी केलंय, त्यातला एक मी. आणि चालू असलेल्या ब्रँचेस (कोडच्या वेगळ्या काढलेल्या प्रती) एकत्र करताना बदल एकमेकांवर आदळतात, ते मर्ज कॉन्फ्लिक्ट कोण सोडवणार, तुम्ही येताय का?

अर्धविराम: अहो धागा ऑपरेटरचा आहे.

रिव्ह्यूग्रस्त: मग तुमच्यामुळेच तो कमिट होतो ना!

टॅबवाला: बरं, कंसाचं मान्य, तेवढंच. पण कीवर्ड आर्ग्युमेंटच्या, म्हणजे फंक्शनला नाव लिहून दिलेल्या व्हॅल्यूच्या, = भोवती पेप ८ स्पेस नको म्हणतं, तिथे तुझी एकेक स्पेस कुठे गेली?

अर्धविराम: तिथे फॉरमॅटर काढतो, मी बघत नाही.

टॅबवाला: हो का? दिसत नाही म्हणे!