नाशिकच्या पर्यटकांचा पाच वर्षांचा सर्व्हे: 385 फॉर्म पुरतील?

प्रश्न: रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर, दर तिमाहीला. प्रत्येक ठिकाणी 385 चालतील ना?

उत्तर १: तो आकडा 95 टक्के विश्वासपातळी, ±5 टक्के चूक आणि निव्वळ यादृच्छिक नमुन्याचा, म्हणजे प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे चिठ्ठी टाकल्यासारखा निवडलेला. घाटावर माणसं घोळक्यानं येतात. एका घरातले चौघं म्हणजे जवळपास एकच उत्तर. म्हणून डिझाइन इफेक्ट (अशा घोळक्यांमुळे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा) 1.5 धरा, म्हणजे 578. परतणाऱ्या दर विसाव्या गटाला थांबवा, त्यातही ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला त्यालाच विचारा. नाहीतर सर्व्हेवाली पोरं बोलक्या काकांनाच गाठतात! नकारही वेळेसकट नोंदवा.

उत्तर २: श्रावणी सोमवार वेगळा स्तर धरा, म्हणजे त्या दिवसांचा नमुना वेगळा घ्या. सिंहस्थाचे आकडे तर मूळ मालिकेत मिसळूच नका.

उत्तर ३: ‘खर्च किती?’ हा प्रश्न माणशी की कुटुंबाचा, ते छापा. शब्द बदलायचेच झाले तर एक तिमाही निम्मे फॉर्म जुने, निम्मे नवे; म्हणजे उत्तरांतला फरक शब्दांमुळे की खरा, ते कळेल.