मदत हवी आहे: घरी एसान बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतले 'अ' आणि 'द' कसे शिकवावेत?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून आम्ही नायजेरियात, बेनिन सिटीत राहतो. शेजारचं कुटुंब मूळचं उरोमी या गावचं, घरात एसान ही इथली स्थानिक भाषा बोलणारं. त्यांची दोन मुलं संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला येतात. थोरली पुढच्या वर्षी वाएकच्या, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेला बसेल. वाचन उत्तम, शब्दसाठा माझ्यापेक्षा बरा, पण आर्टिकलपाशी गाडी अडते.

परवा तिच्या वहीत होतं, 'आय बॉट वन बॅग. बॅग इज रेड.' मी विचारलं, कुठली बॅग लाल? ती म्हणाली, "आंटी, आत्ता सांगितली तीच!" म्हणजे आधी उल्लेख झालेली वस्तू कुठली, हे तिला नीट कळतं. तिथे 'द' लिहायचा, एवढंच हाताला वळण नाही.

मग तिच्या आईबरोबर बसून थोडं समजून घेतलं. एसानमध्ये आधी नाम, आणि 'हा', 'तो', 'माझा' हे सगळं त्याच्यानंतर. 'ही माझी पिशवी' म्हणायचं तर 'पिशवी माझी ही' असा क्रम. अनेकवचन मात्र शब्दाच्या तोंडाशी बदलतं: ओखुओ म्हणजे बाई, इखुओ म्हणजे बाया. इंग्रजीत बरोबर उलटं, 'द' आधी आणि 'एस' शेवटी. त्यात घराबाहेर पिजिन, म्हणजे इंग्रजीतून घडलेली इथली बोली. त्या बोलीत 'दि' आहे, त्यामुळे 'द' निदान कानावरचा असतो. पण 'अ'च्या जागी पिजिनमध्ये 'वन' चालतो, आणि वहीतले सगळे 'वन' तिथूनच आले असावेत असं मला वाटतं.

आता माझी अडचण. मराठीतही आर्टिकल नाही. शाळेत 'सूर्याला द, चंद्राला द' पाठ करून मी निभावलं, आजही बरंचसं कानानेच ठरवते. तिने 'धिस माय बॅग' लिहिलं तेव्हा मला ते खटकलंसुद्धा नाही, कारण 'ही माझी बॅग' आपण सर्रास म्हणतो. इथली चांगली शिकलेली माणसंही इंग्रजीत तसंच बोलतात. त्या वाक्यावर लाल रेघ मारताना मला फार वाईट वाटलं. तिच्या आजूबाजूला तेच बरोबर आहे, आणि परीक्षेत मात्र मार्क जाणार.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना विचारायचंय: नियमांची यादी न देता 'अ' आणि 'द' तुम्ही कसे रुजवलेत? मी गोष्ट सांगते, नवीन पात्र आलं की मुलांनी 'अ' म्हणायचं, तेच परत आलं की 'द'. बोलताना जमतं, लिहिताना पुन्हा गळतं. आणि भाषाशास्त्रवाल्यांनो, एसानची वाक्यं शेजारी मांडून फरक दाखवला तर उपयोग होईल, की तिचा गोंधळ वाढेल? सोमवारी मुलं पुन्हा येतील, त्याआधी काही सुचवलंत तर लगेच करून बघेन.