वसुदेवाने यमुना ओलांडली म्हणजे नेमकं काय केलं?

तिसवाडीकर: गोकुळाष्टमीला गोव्यातल्या नार्व्याला, पंचगंगेच्या तीर्थात बुडी मारून आलो. पायऱ्यांवर शेवाळ, पाणी गढूळ, एक हात काकांच्या खांद्यावर घट्ट. तेव्हा जाणवलं, कृष्णजन्मात नदी उगाच आलेली नाही. भागवताच्या दशमस्कंधात, तिसऱ्या अध्यायात, यमुनेला 'यमानुजा' म्हटलंय. यमाची धाकटी बहीण! कारागृह म्हणजे देह, बेड्या म्हणजे कर्म, आणि टोपलीत देव असला की मृत्यूही वाट देतो. मला तरी अर्थ स्वच्छ दिसतो.

खाजनातला खेकडा: जरा जास्तच स्वच्छ. आधी टोपली काढा, भागवतात ती नाहीच. बाळाच्या पायांना लागायला पाणी वर चढलं, तेही नाही. ते कीर्तनातलं आणि कॅलेंडरवरचं. आता त्याच अध्यायाचा शेवट वाचा. वसुदेव गोकुळात मुलगा ठेवतो, यशोदेची मुलगी उचलून आणतो आणि स्वतःच्या हाताने बेड्या परत पायांत घालून बसतो. देव कडेवर घेऊन आलेला माणूस कर्म पुन्हा अडकवून घेतो? आणि ती मुलगी? कंसापुढे जायची तीच. तिला रूपकात कुठे बसवणार?

तिसवाडीकर: मुलीचं सुटलं खरं. बेड्यांचं मात्र पटत नाही. ज्ञान झालं तरी प्रारब्ध भोगावंच लागतं. रूपक मोडत नाही, उलट वाढतं.

खाजनातला खेकडा: असं काहीही वाढवता येतं हो.

माशेलची सून: तुम्ही दोघांनी देवकीला तुरुंगातच ठेवलंत! आमच्या माशेलात आई-लेकरू एकत्र पुजतात. हा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा. पोर्तुगीज काळात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा आधी मये गावात, मग माशेलात आला. चोडण बेट, म्हणजे कुणीतरी देव उराशी धरून पाणी ओलांडलंच असणार. सप्तकोटेश्वर महादेवही तसाच दिवाड बेटावरून नदीपलीकडे नार्व्यातल्या हिंदळ्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. भिऊन, अंधारात, देव वाचवायला निघालेला माणूस गोव्याला कुणी समजावून सांगायला नको.

तिसवाडीकर: हा इतिहास झाला, वहिनी. अध्यात्म कुठंय यात?

माशेलची सून: ते मला नाही सांगता येत. आमच्या सासूबाई अष्टमीला मध्यरात्री पाळण्याची दोरी ओढतात आणि पोरांना दटावतात, "हळू रे, बाळंतीण दमलीय."

खाजनातला खेकडा: माझं मत सासूबाईंना.