सुपरसेट अपग्रेड केलं तरी स्कॅनमध्ये तोच सीव्हीई, काय राहिलं?

डॅशबोर्डवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे अपाचे सुपरसेट आहे, कुबरनेटिसवर (सर्व्हरवरचे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) हेल्मने (तिचं इन्स्टॉलर) बसवलेलं, विक्री आणि स्टॉकचे सगळे डॅशबोर्ड त्याच्यावरच. ज्याने बसवलं तो २०२२ मध्येच सोडून गेला, लिहून काहीच ठेवलं नाही, आता ते माझ्या गळ्यात आहे. ऑडिटवाल्यांनी सीव्हीई-२०२३-२७५२४ (सुपरसेटमधल्या जाहीर सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक) काढला म्हणून रात्र जागून २.१ च्या पुढच्या व्हर्जनवर नेलं, सगळं नीट चाललं, आणि परत स्कॅन केलं तर तेच लाल. साहेब म्हणतात व्हीपीएनच्या आत आहे, सोड. मला सोडवत नाहीये कारण त्यात पगाराच्या डेटाबेसचं पण कनेक्शन आहे. काय राहिलं असेल?

शिक्कामोर्तब:
सीक्रेट की राहिली. लॉगिन झाल्यावर सुपरसेट ब्राउझरला जी कुकी देतं त्यात युजरचा नंबर उघडाच असतो, लपवलेला नसतो, त्याच्यावर फक्त सही असते आणि ती सही या कीने होते. ग्रामपंचायतीचा शिक्का बाजारात मिळायला लागला तर दाखला कोणीही करून आणेल ना, तसंच. की माहीत असलेला माणूस कुकीत युजर नंबर १ टाकतो, सही ठोकतो, आणि पासवर्ड न लागता ॲडमिन होतो (१ नंबर बहुतेक ठिकाणी ॲडमिनचाच असतो).
आणि या कीज गिटहबवर सगळ्या जगासमोर होत्या. होरायझन३ या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी २०२१ मध्ये हे कळवलं, मग सुपरसेटवाल्यांनी डिफॉल्ट बदलून लॉगमध्ये नुसती वॉर्निंग टाकली, तीही कोण वाचतंय, २०२३ मध्ये होरायझन३ ने परत मोजलं तर इंटरनेटवर उघडे असलेल्या तीन हजारांवर सर्व्हरपैकी दोन हजारांवर अजून डिफॉल्ट कीवरच चालले होते. मग २.१ पासून डिफॉल्ट की दिसली की सर्व्हर सुरूच होत नाही. पण ती तपासणी कोडमधल्या डिफॉल्टपुरती होती, हेल्मच्या टेम्प्लेटमध्ये वेगळी नमुना की होती, तीही सगळ्यांना माहीत. तुमच्या हेल्मच्या व्हॅल्यूज (सेटिंगच्या) फाइलमध्ये तीच असणार, बघा.

डॅशबोर्डवाला_नाशिक:
बघितलं. तीच आहे. हात थंड पडले. आत्ता बदलून रीस्टार्ट करू का?

पोस्टग्रेसताई:
थांबा!! नुसती बदलू नका. सुपरसेटच्या मेटाडेटा डेटाबेसमध्ये (त्याच्या स्वतःच्या सेटिंगच्या डेटाबेसमध्ये) तुमच्या सगळ्या कनेक्शनचे पासवर्ड याच कीने एन्क्रिप्ट केलेले असतात, की बदलली की एकही उघडणार नाही आणि सकाळी सगळे डॅशबोर्ड बंद. आधी मेटाडेटाचा बॅकअप घ्या, जुनी की कॉन्फिगमध्ये प्रीव्हियस सीक्रेट की म्हणून ठेवा, नवी ओपनएसएसएलने रँडम काढा, आणि री-एन्क्रिप्ट-सीक्रेट्स ही कमांड चालवा. सेलरी (Celery, पगार नव्हे; मागे रिपोर्ट पाठवणारा प्रोग्राम) वर्करच्या पॉडलापण तीच नवी की गेली पाहिजे, आमच्याकडे ती राहिली होती आणि रिपोर्टचे मेल दोन दिवस गेलेच नव्हते. युजर सगळे लॉगआउट होतील, आधी सांगून ठेवा.
साहेबांना एवढंच सांगा की व्हीपीएनच्या आत तुमचा गॅमा रोलवाला (मर्यादित परवानगीचा) इंटर्नपण आहे, आणि त्यालाही ॲडमिन व्हायला एक कुकीच लागते. ॲडमिन झाला की एसक्यूएल लॅब (सुपरसेटमधून थेट डेटाबेसला क्वेरी टाकायची जागा), आणि त्यातून पगार. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये हा सीव्हीई प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलेल्यांच्या यादीत घातलाय, ते छापून द्या त्यांना.

शिक्कामोर्तब:
ताईंच्या म्हणण्यात अजून एक. री-एन्क्रिप्ट केल्याने पासवर्ड बदलत नाहीत, कुलूप बदलतं. इतके दिवस की उघडी होती म्हणजे आतले पासवर्ड फुटले असंच धरा आणि डेटाबेसच्या बाजूनेही बदला. बदलतानाच पगाराच्या कनेक्शनला रीड-ओन्ली युजर द्या, तोही दोन-तीन व्ह्यूंपुरताच, कारण उद्या सुपरसेटमध्ये दुसरी भेग निघाली तर तेवढंच आडवं येणार आहे.
आणि की बदलायच्या आधी सुपरसेटचं लॉग्स टेबल (कोणी काय केलं त्याची नोंद) आणि वेब सर्व्हरचे लॉग, दोन्ही बाजूला काढून ठेवा. बनावट कुकीवाला लॉगिन पानावर येतच नाही, त्यामुळे ॲडमिनच्या नावावर क्वेरी दिसते पण त्याच्या जवळपास लॉगिनच नाही, असं कुठे आहे का ते शोधा. सेशन जुनं चालू असू शकतं, म्हणून लगेच कोणावर आळ घेऊ नका, आधी ज्याचं ॲडमिन खातं आहे त्याला विचारा.

डॅशबोर्डवाला_नाशिक:
लॉग काढून ठेवले. शनिवारी रात्री की बदलतो, डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) पासवर्डसाठी आत्ताच मेल टाकला. ॲडमिन खातं त्या सोडून गेलेल्याच्याच नावाने आहे, आणि त्यावर फेब्रुवारीतल्या क्वेरी दिसतायत. ऑडिटला आजच फोन करतोय.