नागपुरात रीफ टँक : पाणी ३१ डिग्री, सॅलिनिटी रोज वाढून राहिली, काय चुकतंय?

मानेवाडा_मत्स्य

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं गोड्या पाण्याचे टँक आहेत माझ्याकडे, गप्पीपासून ऑस्करपर्यंत सगळं करून झालं, म्हटलं यंदा खाऱ्या पाण्यात, म्हणजे कोरलच्या (प्रवाळाच्या) रीफ टँकमध्ये, हात घालून पाहू. टँक ३ बाय दीड बाय दीड फूट, हॉलमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवला आहे. दगड आणि वाळू जाऊन अंदाजे १७० लिटर पाणी असेल. मीठ मिसळून भरला त्याला आज २४ दिवस झाले.

दुकानदार म्हणाला डॅमसेल मासे टाका ३, त्यांनी टँक सायकल होतो (अमोनिया खाणारे बॅक्टेरिया तयार होतात), ते टाकले. आठवड्याने दोन क्लाउन मासे आणले, त्यातला एक परवा गेला, दुसरा कोपऱ्यात उभा राहून जोरजोरात श्वास घेतो. आजचे आकडे : तापमान सकाळी २८, संध्याकाळी ३१ च्या वर. सॅलिनिटी (खारेपणा) टँक भरला तेव्हा १.०२५ होती, आज रिफ्रॅक्टोमीटरवर (ती मोजायच्या यंत्रावर) १.०३१ दाखवून राहिलं. अमोनिया ०.५, नायट्रेट १० च्या आसपास. काचेवर आणि वाळूवर चॉकलेटी थर जमला आहे, पुसला की दुसऱ्या दिवशी परत.

गेले बारा दिवस पाणी रोज तीन-एक लिटर उडतं, ते मी बादलीत मीठ मिसळून बरोबर १.०२५ करून टाकतो, म्हणजे काळजी घेऊनच टाकतो हो, तरी आकडा वर का जाते?

अजून एक. दुकानदार म्हणतो समुद्रातला ओरिजिनल लाइव्ह रॉक मागवून देतो, क्लाउनसाठी अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) देतो, आणि समुद्री घोड्याची जोडीपण मिळेल म्हणे. मुलीला तो निळा टँग मासा पाहिजे. यातलं आत्ता काय घेऊ? घरी आई रोज विचारते, "एवढ्या पैशात पुरीला जाऊन समुद्रच पाहून आलो असतो ना रे."

जुना_खारट

आईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचा हिशोब बरोबर आहे.

आता तुमचा. भाऊ, उडते ते फक्त पाणी, मीठ नाही उडत. मीठ सगळं टँकमध्येच राहते. तुम्ही रोज तीन लिटर खारं पाणी वरून टाकता म्हणजे रोज शंभर ग्रॅम मीठ जास्तीचं टाकून राहिले. बारा दिवसात सव्वा किलो झालं ना बाप्पा! १.०३१ नाही होईल तर काय होईल. वरून भरायचं ते साधं आरओचं पाणी, बिनमिठाचं. मीठ मिसळलेलं पाणी फक्त पाणी बदलताना.

आता एकदम खाली आणू नका, मासा त्यानेच मरेल. रोज पाच-सहा लिटर टँकचं पाणी काढा आणि तेवढंच साधं आरओ टाका, हळूहळू, एका धारेत नाही. एका दिवसात ०.००१ च्या आसपास उतरेल. आठवडा लागेल, लागू द्या. आणि उडलेलं भरायचं ते वेगळं, त्यात हे धरू नका.

डॅमसेल टाकून सायकल करणं बंद झालं पाहिजे आता. त्याला जिवंत मासा लागतच नाही, चिमूटभर खाद्य सडू दिलं किंवा अमोनियाचे थेंब टाकले तरी बॅक्टेरिया तयार होतात. चार ते सहा आठवडे लागतात, दुकानदाराच्या दुकानाला तेवढा दम नाही म्हणून मासे खपवतो. आणि ते तीन डॅमसेल पुढे टँकचे मालक होतील, नवीन काही टाकलं की कुटून काढतील, ते परत देऊन या. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१-८.३ असतो, त्यात पाणी गरम, म्हणून तुमच्या ऑस्करने जो अमोनिया झेलला असता तेवढाच इथे जास्त विषारी पडतो. क्लाउन त्यात गेला असावा, जास्तीच्या मिठाने त्याला अजून अशक्त केलं.

चॉकलेटी थर म्हणजे डायटम, एक बारीक शेवाळ. नवीन टँकला येतोच, सिलिकेट संपलं की जातो. रोज पुसत बसू नका. पण एक सांगा, पाणी कुठलं वापरता? किचनच्या फिल्टरचं का?

कोथरूडकर

मी पुण्यात चार वर्षं टँक चालवतोय, चिलर (पाणी थंड करायचं मशीन) नाही. टँकवर दोन छोटे कॉम्प्युटरचे पंखे लावले की ३-४ डिग्री आरामात उतरतं. उगाच चिलरचा खर्च करू नका.

प्रतापनगर_रीफ

कोथरूडकर, तुमच्या पुण्यात मे महिन्यात संध्याकाळी खिडकी उघडली की वारा येतो. आमच्याकडे खिडकी उघडली की भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं 🙂 पण पंख्याचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि अर्धं का नाही ते मी भोगून शिकली, म्हणून जरा लांब लिहिते.

पंखा पाणी थंड करतो तो वारा थंड असतो म्हणून नाही, पाणी उडतं म्हणून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा खडखडीत कोरडी, त्यामुळे पंखा जबरदस्त चालतो, उलट पुण्या-मुंबईपेक्षा चांगला. खोली ३८ असली तरी माझं पाणी २८-२९ वर टिकायचं. पण मग माझ्या सासूबाईंनी हॉलमध्ये मोठा कूलर लावला. मला वाटलं वा, आता डबल थंड. तसं काही होत नाही. कूलरची आणि पंख्याची युक्ती एकच आहे, दोघेही पाणी उडवूनच थंड करतात. कूलरने खोलीत ओल भरली की टँकवरच्या पंख्याला काम उरत नाही. खोली ३८ ची ३० झाली पण पाणी होतं तिथेच, जेमतेम अर्धा डिग्री उतरलं. आणि खिडक्या बंद ठेवून कूलर चालवला तर पाणी उलट चढतं, हे मी थर्मामीटर लावून पाहिलं आहे.

खरी परीक्षा नवतप्यात (मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) नाही, त्याच्या नंतर आहे. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, ढग येतात, पाऊस येत नाही, घामाने अंग चिकट, तेव्हा पंखा फक्त फिरतो. माझं पाणी मे महिन्यात कधी ३० वर गेलं नव्हतं, ते जूनमध्ये ३१.५ ला गेलं. झेनिया (मऊ कोरल) आधी वितळलं, मग टर्बो स्नेल उलटे पडले. तेव्हा चिलर घेतला. तुमच्या टँकला १/१० एचपीचा पुरेल. चिलर कॅबिनेटच्या आत कोंबू नका, तो जेवढी उष्णता पाण्यातून काढतो तेवढी आणि वर स्वतःची बाहेर फेकतो, आत ठेवला तर स्वतःलाच शेकत बसतो.

चिलर येईपर्यंत : वरचं झाकण काढा आणि जाळी लावा (मासे उडी मारतात, बिनजाळीचं ठेवू नका). पश्चिमेच्या भिंतीवरून टँक हलवा, ती भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली असते आपल्याकडे, हात लावून पाहा. लाइट दुपारी लावू नका, संध्याकाळी ६ ते रात्री १२-१ ठेवा, कोरलला घड्याळ कळत नाही. तेवढ्याने माझं दीड डिग्री वाचलं होतं.

जुना_खारट

ताई एक नंबर लिहिलं. मी त्याच्यात लाईन जाण्याचं टाकतो. २३ मे २०१३, नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेत ४७.९ नोंदलं होतं, आठवते ना सगळ्यांना. त्याच आठवड्यात माझा पहिला टँक गेला. दुपारी लाईन गेली ती चार तास, मी ड्युटीवर. लोकांना वाटते मासे गरमीने मेले. गरमीने नाही मेले, श्वासाने मेले. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि त्याच वेळी माशाला जास्त लागतो, आणि पंप बंद म्हणजे वरचं पाणी हलणं बंद. घरी आलो तेव्हा सगळे वर तोंड काढून होते.

म्हणून इन्व्हर्टरवर चिलर टाकायच्या भानगडीत पडू नका, बॅटरी लवकर बसते. फक्त वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) टाका, ५-१० वॅटचा असतो, रात्रभर चालते. आणि बॅटरीवरचा एअर पंप एक घरी असू द्या.

मानेवाडा_मत्स्य

बाप रे. मीठाचं वाचून स्वतःच्या डोक्यावर हात मारला. बारावीला सायन्स होतं माझं 😅

खारट भाऊ, पाणी किचनच्या आरओचंच आहे. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजते तो) शेजाऱ्याचा आणून पाहिलं, ६८ आलं. आरओ असून ६८ कसं? आणि दोन गोष्टी विचारतो, हसू नका. एसीच्या पाइपातून जे पाणी गळते ते एकदम शुद्ध असते म्हणतात, दिवसाला दहा लिटर तरी निघते, ते चालेल का? आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर?

जुना_खारट

हसलो थोडं.

एसीचं पाणी तांब्याच्या कॉइलवरून येते. तांबं माशाला थोडं सहन होते, पण कोरल, झिंगे, गोगलगायी यांना नाही, जरासं असलं तरी मरतात. म्हणूनच माशाच्या पांढऱ्या ठिपक्याचं तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये कधीच टाकायचं नाही, वेगळ्या टबात टाकायचं. बॅटरीच्या पाण्याच्या कॅनवर काहीही लिहिलेलं असू शकते, मोजल्याशिवाय घेऊ नका, आणि रोज तीन लिटरने तुमचं दिवाळं निघेल.

६८ चं कारण सोपं आहे. घरच्या आरओत टीडीएस कंट्रोलर म्हणून एक छोटी चावी असते, ती पिण्याला चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळते. मेंब्रेन शुद्ध करते आणि चावी घाण करते, असा प्रकार आहे. मेंब्रेनच्या लगेच नंतरून टी मारून नळी काढा आणि पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार ओढून घेणारं) एक कार्ट्रिज लावा. मीटरवर ० आलं पाहिजे. कार्ट्रिज संपलं की आकडा परत चढतो, तेव्हा बदलायचं. तुमचे डायटमही मग लवकर जातील.

रोज हाताने भरायचा कंटाळा येईल. मी कूलरचा जो प्लास्टिकचा बॉल कॉक मिळतो ना, तो बसवला आहे, वर १० लिटरची कॅन. (पितळेच्या दांडीचा नका घेऊ, तांब्याचंच वर सांगितलं.) कॅन मुद्दाम लहान, कारण बॉल अडकला आणि सगळी १० लिटर एकदम उतरली तरी १७० लिटरमध्ये सॅलिनिटी ३५ पीपीटीची (हजार भागात ३५ भाग मीठ, म्हणजे साधारण १.०२६) ३३ होईल, टँक मरणार नाही. ५० लिटरचा ड्रम जोडून गावाला गेले एक जण, आल्यावर हॉलमध्ये तलाव आणि टँकमध्ये गोडं पाणी.

तिवसा_ते_तिरा

दुकानदाराच्या यादीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण यात मासे मरण्याच्या पुढची भानगड आहे.

समुद्री घोडा आणि पाइपफिश पूर्ण कुळ, सगळे कडक कोरल, काळे कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप, सी फॅन, हे सगळं २००१ साली वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या शेड्युल १ मध्ये घातलं. म्हणजे तेव्हा वाघाच्या रांगेत. मोठे शिंपले ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि स्क्वामोसा पण त्यात होते. "समुद्रातला ओरिजिनल लाइव्ह रॉक" म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच किनाऱ्यावरून फोडून आणलेला कोरलचा सांगाडा. मेलेला आहे म्हणून कायद्यातून सुटत नाही. आपल्या नागपूरला वन विभागाचं मुख्यालय आहे, इथे तर असली हुशारी करूच नका. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला दगड घ्या, बॅक्टेरियाला कशावरही बसता येते, काही महिन्यांत तोही शेवाळाने जांभळा होतो.

परदेशातून आलेले फार्मचे कोरल असतील तर बिल आणि कागद मागा. कागद म्हटल्यावर दुकानदाराने विषय बदलला तर आपणही दुकान बदलायचं.

कायद्याच्या कटकटीत न पडता सुरुवात करायची तर मश्रूम आणि झोअँथिड, हे मऊ कोरल. दोन्ही चिवट, कमी लाइटमध्ये भागते. फक्त झोअँथिडला हात लावताना ग्लोव्हज घाला, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असते, आणि ते चिकटलेला दगड साफ करायला उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका, वाफेने घरातले सगळे दवाखान्यात जातील.

प्रतापनगर_रीफ

आणि अ‍ॅनिमोन अजिबात नको. क्लाउनला तो लागतोच असं काही नाही, माझी जोडी सहा वर्षं एका मश्रूमच्या गादीत झोपते. अ‍ॅनिमोनला निदान सहा महिने-वर्षभर मुरलेला टँक लागतो, शिवाय तो चालतो! रात्री चालत वेव्हमेकरमध्ये जातो, सकाळी त्याचं सूप, आणि टँकभर विष.

निळा टँग एक फुटापर्यंत वाढतो. तीन फुटी टँकमध्ये एक फुटाचा मासा, विचार करा. मुलीला सांगा दोन क्लाउनमधला मोठा मासा मादी असतो आणि ती गेली तर उरलेला नर मादी होतो, माझ्या मुलाला हे ऐकून टँगचा विसर पडला. क्लाउन शक्यतो पैदास केलेलेच घ्या, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) भारतात त्यांची पैदास कधीचीच जमवली आहे, समुद्रातून पकडलेल्यापेक्षा ते खायला लगेच लागतात. पुढे एक फायरफिश, एक गोबी, एक क्लीनर श्रिंप, बस्स, तुमचा टँक भरला.

मानेवाडा_मत्स्य

अपडेट, अकरा दिवसांनी. डॅमसेल दुकानात परत दिले, त्याने फुकटातच घेतले, लाइव्ह रॉकचं बिल मागितलं तर म्हणे "भाऊ, तुम्ही लई प्रश्न विचारता." सॅलिनिटी १.०२६. अमोनिया शून्य दोन दिवसांपासून. आरओतून टी काढली, डीआय लावलं, मीटरवर ० पाहून आईला बोलावून दाखवलं, ती म्हणे मग आम्ही ६८ वालं का पितो? तिला चवीचं सांगितलं, पटलं नाही.

टँक दुसऱ्या भिंतीला घेतला, चार जण लागले आणि तर्री पोह्याचा खर्च झाला. लाइट रात्री. पंखा लावला, संध्याकाळचं २८.४. राहिलेला क्लाउन आता समोर येऊन खातो.

आता चिलर. १/१० एचपीचा सेकंडहँड नागपुरात कोणाकडे असेल तर सांगा, जून लागायच्या आत पाहिजे.

प्रतापनगर_रीफ

माझा जुना पडला आहे, चालू आहे पण आवाज करतो. रविवारी सकाळी दहाच्या आत येऊन पाहून जा, नंतर ऊन तापते. येताना रिफ्रॅक्टोमीटर आणा, ३५ पीपीटीच्या सोल्युशनवर लावून पाहू, तुमचा १.०२६ खरा आहे का ते.