तंबूचे पैसे एका दिवसाचे, मग मुक्काम अठराच तासांचा का?

सांगलीची सून
डिसेंबरात आम्ही सहाजण साताऱ्याजवळ बामणोलीकडे, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठी तंबूत राहायला गेलो होतो. बरोबर दोन लेकरं आणि ७५ वर्षांच्या सासूबाई. सकाळी ७ ला सांगली सोडली, कराडला नाश्ता केला आणि यवतेश्वरचा घाट, कास करत ११:३० ला पोचलो. तिथं गेल्यावर कळलं, तंबू दुपारी ४ ला मिळणार. फोनवर ठरवताना, पैसे पाठवताना कुणी एका शब्दानं हे बोललं नव्हतं. सासूबाई साडेचार तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. झाडाची सावली सरकली की आम्ही त्यांची खुर्ची सरकवायची. दुसऱ्या दिवशी रविवार. पोह्यांच्या बशा अजून हातात होत्या, तोवर १० वाजले आणि तंबूवाल्याकडची पोरं आमच्या तंबूच्या खुंट्या उपटायला लागली. धाकटीची चप्पल आतच होती.

दुपारी ४ ते सकाळी १० म्हणजे १८ तास. पैसे मात्र पूर्ण दिवसाचे. माझं म्हणणं सरळ आहे, ज्या वेळेला पोचाल तिथून २४ तास द्या. माणसं लेकराबाळांना घेऊन लांबून येतात हो.

बामणोलीचा तंबूवाला
ताई, तुमच्या सासूबाईंना ताटकळत बसावं लागलं, ते चुकलंच. पैसे घ्यायच्या आधी वेळ सांगायलाच पाहिजे होती. पण ४ आणि १० हे आकडे आम्ही मनाला येईल तसे धरलेले नाहीत. मी ह्याच काठावर ६ वर्षं तंबू लावतो, १४ तंबू आहेत.

आमच्या पूर्वेला कासचा डोंगर. सूर्य उगवला तरी डोंगरावरून ऊन खाली पाण्यापर्यंत यायला वेळ लागतो. रात्रभर दव पडलेलं असतं, वरचं कापड हात लावला की निथळतं. आतूनही ओलच. चार माणसं चेन लावून रात्रभर झोपली की श्वासाची वाफ थंड कापडाला लागते आणि तिचं पाणी होतं. पाहुणे सकाळी म्हणतात, तंबू गळतो. कापड गळत नसतं, आतल्या आतच ते पाणी जमतं. दोन्हीकडची दारं थोडी उघडी ठेवा म्हणून सांगतो, पण थंडीला कोण ऐकतंय?

तंबू मोकळा झाला की वरचं कापड दोरीवर जातं, गाद्या उन्हात उभ्या करायच्या, मग उलटायच्या, अभ्रे बदलायचे. खाली अंथरलेला कागद उचलून पुसला नाही तर त्याखालचा ओलावा गादीत चढतो. ओला तंबू तसाच मिटवून ठेवला तर दोन दिवसांत आंबूस वास येतो आणि पुढं बुरशीचे काळे ठिपके धरतात. ते कितीही घासा, जात नाहीत. शिवाय संडास, न्हाणी धुवायची, बंबातली राख काढायची, रात्रीच्या शेकोटीची जागा साफ करायची. हे सगळं तीन पोरं करतात. प्रत्येकाला त्याच्या वेळेपासून २४ तास दिले तर एक तंबू ११ ला सुटणार, दुसरा ३ ला, तिसरा संध्याकाळी ७ ला. सातला मोकळा झालेला तंबू वाळवायचा कशावर?

पुण्याचा रात्रपाळीवाला
मला वेगळीच अडचण. आम्ही शुक्रवारी काम सुटल्यावर पुण्यातून निघतो. खंबाटकी घाटात गाड्या तुंबल्या की पोचायला ११ वाजतात. बऱ्याच ठिकाणी म्हणतात, रात्री ८ नंतर येऊ नका. पैसे भरलेत ना? मग रात्री कधीही आत घ्या. तंबू तर लावलेलाच असतो.

जावळीची लेक
दादा, कधीही कसं चालेल? डिसेंबरात ६ ला सूर्य बुडतो, ७ ला मिट्ट काळोख. कासहून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर गवे येतात. वळणावर अचानक समोर गवा उभा राहिला तर गाडीचं आणि त्याचं, दोघांचंही काही खरं नाही. रस्ता माहीत असलेली आमची माणसंसुद्धा अंधार पडल्यावर जपून चालवतात, आणि तुम्ही पहिल्यांदा येणार, तेही दमून, रात्री ११ ला.

माझी आई एका ठिकाणी भाकरी थापायला जाते. पाहुणे ८ पर्यंत जेवले तर ती ९ ला घरी येते, ११ ला जेवायला बसले तर १२ ला. चूल विझवायची नाही, पीठ मळून ठेवता येत नाही, भाकरी गरमच पाहिजे. तिच्या जाण्यायेण्याचा विचार कुणाच्या हिशोबात नसतो. आणि उशिरा आलेल्या गाडीचा दिवा तंबूच्या कापडातून थेट झोपलेल्या माणसांच्या तोंडावर पडतो.

पुण्याचा रात्रपाळीवाला
भाकरीचं मी लक्षातच घेतलं नव्हतं. उशीर होणार असेल तर आम्ही वाटेत जेवून येऊ. रस्त्याचंही मान्य. पण मग शुक्रवारी नोकरदारांनी यायचंच नाही का?

जावळीची लेक
साताऱ्यात मुक्काम करा आणि पहाटे उजाडताना कासवरून या. ती वेळ अनुभवा एकदा.

वासोट्याचा वाटसरू
वासोटा गडावर जाणाऱ्यांचं कुणी बोललंच नाही. बामणोलीत वनखात्याची परवानगी काढा, बोटीत तासाहून जास्त बसा, मग रानातून चढा. गड कोयना अभयारण्यात येतो, वर मुक्कामाला बंदी आहे, म्हणून अंधाराच्या आत परत फिरावंच लागतं. म्हणजे आम्ही तांबडं फुटायला तंबू सोडतो आणि संध्याकाळी घामाघूम होऊन येतो. १० चा नियम आमच्या काय कामाचा? आम्हाला तंबू नको, पिशव्या ठेवायला कुलपाची खोली आणि बंबाचं दोन बादल्या पाणी द्या. त्याचे वेगळे पैसे देऊ.

बामणोलीचा तंबूवाला
पिशव्या मी आत्ताही ठेवून घेतो. पाण्याचंही करता येईल.

सांगलीची सून
दादा, तुमचं दवाचं आणि गाद्यांचं पटलं. २४ तासांचा हट्ट मी सोडते. पण एक सांगा. शुक्रवारचे पाहुणे शनिवारी सकाळी जातात आणि संध्याकाळी नवे येतात, तिथं घाई समजू शकते. आम्ही तर रविवारी निघालो होतो. रविवारी रात्री किती तंबू भरतात?

बामणोलीचा तंबूवाला
दोन-तीन. कधी एकही नाही.

सांगलीची सून
मग रविवारी १० ला खुंट्या कशासाठी उपटायच्या? ऊन तर दिवसभर आहे.

बामणोलीचा तंबूवाला
सवयीनं चाललंय ते. पोरांना संध्याकाळी घरी लवकर जायचं असतं, हे एक कारण आहे. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, रविवारी १२ करतो. पैसे मागतानाच वेळा लिहून पाठवेन. आणि लवकर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी पडवीत दोन खाटा टाकतो, पाठ टेकायला.

सांगलीची सून
खाटा नक्की टाका. शनिवारचं मात्र मला अजून पटत नाही. १४ पैकी दोन तंबू शुक्रवारी रिकामे ठेवा. शनिवारी सकाळी ते कोरडेच असतील, म्हातारी माणसं आणि लेकरं असलेल्यांना ११ लाच देता येतील.

बामणोलीचा तंबूवाला
ताई, शुक्रवारचे दोन तंबू म्हणजे तिन्ही पोरांची त्या दिवसाची मजुरी. एक ठेवून बघतो. दोन नाही जमणार.