अनुभव धागा: तुमच्या ठोकळ्यांच्या शहरात तुम्ही काय पाडलंत?

नवीन इमारत झाली की चारी बाजूंनी फोटो सगळेच टाकतात. पाडापाडीबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, आणि मला विचाराल तर शहर बांधणाऱ्याचा निम्म्याहून जास्त वेळ उचकटण्यातच जातो. म्हणून हा धागा. लेगो असो नाहीतर दुसरे कुठलेही ठोकळे, काय पाडलंत, का पाडलंत आणि त्या जागी काय आलं ते मोकळेपणी लिहा. सुरुवात मी करते.

माझा पहिला चौक मी तीनदा उचकटलाय आणि तिन्ही वेळा कारण एकच, जमीन. 32 बाय 32 स्टडची (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) बेसप्लेट, म्हणजे सगळ्यात खालची पाटी, 25.6 सेंमीची, आणि ती इतकी पातळ असते की वर जड इमारत बसली की कडा उचलल्या जातात, शेजारच्या प्लेटशी लेव्हल जमत नाही, रस्ता मध्येच तुटल्यासारखा दिसतो. तिसऱ्यांदा पाडलं तेव्हा मिल्स पद्धत धरली, खाली बेसप्लेट, त्यावर विटांचे आधार आणि त्यावर परत प्लेट्सचा, म्हणजे पातळ ठोकळ्यांचा थर. पीसेस भयंकर लागतात पण जमीन दगडासारखी होते, आणि जमिनीला पोट मिळतं! नदी खाली उतरवता येते, गटाराची जाळी खरोखर पोकळीवर बसते, दिव्यांच्या वायरी खालून जातात. आधी माझी नदी रस्त्याच्या लेव्हलला होती, निळं कार्पेट अंथरल्यासारखी.

•

मी स्टेशन पाडलं. प्लॅटफॉर्म मी वळणाच्या आतल्या बाजूला बांधला होता, दोन महिने खपून, टाइल्सची (वरून गुळगुळीत, बिनस्टडच्या ठोकळ्यांची) पिवळी पट्टी, बाकं, घड्याळ सगळं. इंजिन मस्त गेलं आणि पहिल्याच लांब डब्याने प्लॅटफॉर्मची कड खरवडून तीन माणसं आडवी केली. वळणावर डब्याचा मधला भाग आत सरकतो आणि दोन्ही टोकं बाहेर फेकली जातात, हे आधी डोक्यातच आलं नव्हतं. नेहमीच्या वळणाच्या रुळांची त्रिज्या 40 स्टड, 16 तुकडे लावले की गोल पूर्ण होतो, म्हणजे वळण चांगलंच आवळ असतं. आता नियम ठरवलाय, आधी नुसते रूळ टाकायचे, सगळ्यात लांब डबा हाताने फिरवायचा, तो जिथे जिथे पोचतो तिथे कागदावर पेन्सिलने रेघ मारायची आणि त्या रेघेच्या पलीकडेच बांधायचं. स्टेशन आता सरळ रुळावर आहे, आणि वळणाच्या आत तळं केलंय, तिथे आपटायला काही नाही.

•

वरचं वाचून लगेच उठून माझा लांब डबा फिरवून पाहिला. सिग्नलचा खांब वाचला, पण जेमतेम. धन्यवाद!

•

मला पाडल्यावरच्या ढिगाबद्दल लिहायचंय, कारण खरी परीक्षा तिथे असते. सुरुवातीला मी सगळे पीसेस रंगाप्रमाणे लावले होते, दिसायलाही फार सुंदर, लाल डबा, करडा डबा, काळा डबा. मग काळ्या डब्यात एक छोटा काळा क्लिप शोधायला बसले आणि पाऊण तास गेला, काळ्यावर काळं डोळ्याला दिसतच नाही हो. आकाराप्रमाणे लावा. सगळ्या रंगांच्या क्लिप एका कप्प्यात असल्या तर काळी लगेच उठून दिसते, कारण डोळा रंग पटकन पकडतो, आकार नाही. हे कोणीतरी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझा एक अख्खा उन्हाळा वाचला असता. फक्त मोठ्या विटा मी अजून रंगाने ठेवते, भिंत बांधताना एकाच रंगाच्या पन्नास लागतात म्हणून.

पाडतानाच वर्गवारी करायची सवय लावून घ्या. माझी पद्धत अशी, वरच्या मजल्यापासून खाली यायचं, एका हातात सेपरेटर (ठोकळे सुटे करायचं छोटं अवजार), समोर पाच ट्रे, प्लेट, वीट, टाइल, उतार आणि बाकी. मळलेलं असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण, पाणी 40 अंशांच्या वर नको, आणि स्टिकरवाले किंवा मोटारवाले पीस पाण्यात अजिबात नाही.

•

मी पाडलं ते घरांच्या मापापायी. मिनिफिगर, म्हणजे लेगोचा छोटा माणूस, 1978 साली आली, त्याआधी शहरं बांधायचे ती छोट्या मापाची असत, लेगोच्या 1955 च्या टाउन प्लॅन या संचाच्या गाड्या 1:87 मापाच्या होत्या. मिनिफिगर उंचीला साधारण 4 सेंमी पण रुंदीला भलतीच, त्यामुळे उंची धरून माप काढलं तर एक उत्तर येतं आणि रुंदी धरून काढलं तर दुसरंच. मी हट्टाने सगळं उंचीवरून काढलं आणि दारं इतकी अरुंद झाली की माणूस आतच जाईना. बारा घरं! सगळी पाडली. आता कुठलंही गणित करत नाही, दारापाशी माणूस उभा करतो, बाजूला गाडी ठेवतो, जमिनीच्या लेव्हलला डोळा नेऊन बघतो. डोळ्याला पटलं की झालं. गाड्या मात्र 6 स्टड रुंदच ठेवल्यात, 8 ची गाडी एकटी छान दिसते पण रस्त्यावर आणली की रस्ता खाऊन टाकते असं माझं ठाम मत आहे.

•

8 स्टडवाल्यांतर्फे नम्र निषेध नोंदवतो :) 6 मध्ये दोन माणसं शेजारी शेजारी बसवून दाखवा आणि दारं पण ठेवा. बाकी डोळा जमिनीला लावून बघायचं हे शंभर टक्के पटलं.

•

माझा अख्खा बाजाररस्ता मी एका रविवारी काढून टाकला, कारण सगळं काटकोनात होतं आणि कितीही सजवलं तरी शहर न वाटता बुद्धिबळाचा पट वाटायचा. तिरका रस्ता करायचा तर पाया बेसप्लेटला धरायला हवा ना, आणि स्टड काही तिरके होत नाहीत. इथे शाळेतला पायथागोरस धावून आला. 6, 8, 10 चा त्रिकोण घ्यायचा. इमारतीच्या कोपऱ्याखालचा स्टड शून्य धरा, तिथून एका दिशेला 8 आणि आडवं 6 मोजून जो स्टड येतो, तो तिरक्या रेषेवर बरोबर 10 स्टडवर असतो, म्हणजे तिथे इमारत पक्की बसते, हलत नाही, ताण नाही. शून्यापासून मोजणं फार महत्त्वाचं, मी पहिल्यांदा एकपासून मोजलं आणि काही केल्या बसेना, मला वाटलं प्लेटच वाकडी आहे. आता ती गल्ली साधारण 37 अंशांत वळते आणि तिच्या तोंडाशी जी तिकोनी जागा उरली तिथे एक पिंपळ केलाय, पार बांधलाय, आणि अख्ख्या शहरात बघणारा पहिल्यांदा तिथेच थांबतो.

•

पाडायची वेळ आली ती ठोकळे ठिसूळ झाल्यामुळे. जुन्या तपकिरी विटांचं वाडावजा घर होतं, खिडकी बदलायला म्हणून वरचा थर उचलला तर चट् असा आवाज आला आणि विटेची बाजू हातात आली. मग पुढची. मग तिसरी. एकूण 31 विटा तडकल्या, मी मोजून एका डबीत ठेवल्यात. त्या रात्री खरंच झोप नीट लागली नाही, ते घर माझं सगळ्यात आवडतं होतं. तेव्हापासून जुने तपकिरी पीस मी सजावटीलाच वापरते, भार येईल तिथे नाही, आणि उचकटायच्या आधी खोली गार असेल तर थोडा वेळ थांबते. सेपरेटर सावकाश, एका टोकाकडून. आणि शहर खिडकीपासून लांब न्या, उन्हाने पांढरे आणि निळे पिवळट पडतात ते पडतात.

•

मी न पाडलेल्याबद्दल लिहिलं तर चालेल का? लेगोच्या मोठ्यांसाठीच्या मॉड्युलर (मजल्यामजल्याने सुट्या होणाऱ्या) इमारतींची मालिका 2007 मध्ये कॅफे कॉर्नरने सुरू झाली, 2056 पीसेस, आणि आतून जवळजवळ रिकामी. नंतरच्या इमारतींत आतलं सामान भरभरून आलं. माझी स्वतःची पहिली तीन घरं अशीच रिकामी होती, दर्शनी भाग झोकात आणि आत पोकळी. वडील तेव्हा माझ्याकडे राहायला आले होते, हाताची थरथर वाढलेली, मोठे मजले जोडणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी विचारलं, "आत कोण राहतं?" मी म्हटलं कोणी नाही. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी चिमट्याने एकेक वस्तू आत ठेवायला लागले. एका स्टडचा दिवा. दोन टाइल्सचं वर्तमानपत्र. जिन्याखाली उलटी ठेवलेली सायकल, एक चाक काढलेलं, कारण त्यांच्या मते जिन्याखाली नेहमी एक नादुरुस्त सायकल असतेच. कधीकधी एक वस्तू बसवायला त्यांना अर्धा तास लागायचा, मी मदतीला हात पुढे केला की मानेनेच नको म्हणायचे.

त्यानंतर शहर चारदा बदललंय, जमीन उचकटलीये, रस्ते फिरवलेत, वडीलही आता नाहीत. ते एक घर मी मजल्यामजल्याने उचलून नव्या जागी ठेवतो, एकही वीट सुटू न देता. जिना कधी उघडत नाही.

•

वरच्या प्रतिसादानंतर काय लिहावं कळत नव्हतं, तरी लिहिते. मी आत्ता टाउन हॉल पाडतेय, मनोरा कॉम्प्युटरवर डिझाइन केला होता आणि स्क्रीनवर तो ताठ उभा होता, प्रत्यक्षात दर चौथ्या थराला डुलायला लागला, कारण सांधे एकावर एक आले होते. आता सांधे सरकवून, मध्ये टेक्निक बीमचा (भोकं असलेल्या लांब दांड्यांचा) कणा घालून परत उभा करायचाय. पण या वेळी पूर्ण पाडत नाहीये. अर्धा तसाच ठेवलाय, भोवती पत्र्याचं कुंपण, एक क्रेन, हेल्मेटवाली पाच माणसं, कडेला विटांचा ढीग, आणि रस्त्यावर थांबून बघणारी गर्दी. गेले दोन आठवडे शहरात काम चालू आहे.

धागाकर्तीला एक विचारायचं होतं, मिल्सच्या पोकळीत वायरी घालताना तुम्ही जोड कुठे ठेवता? प्रत्येक प्लेटच्या कडेला, की एकाच कोपऱ्यात सगळे?

•

कडेला, प्रत्येक प्लेटला वेगळा. म्हणजे एक प्लेट उचलली तरी बाकीचं शहर अंधारात जात नाही. क्रेनचा फोटो टाका ना, दोन्ही बाजूंनी.